पत्नीसाठी जवळ बाळगण्याचे पिस्तूल कसे निवडावे

टेक्सासमध्ये राहायला आल्यानंतर काही वर्षांनी माझ्या पत्नीने रुग्णालयाच्या औषधविभागात रात्रपाळी घ्यायला सुरुवात केली आणि मी तिला न विचारता तिच्यासाठी एक रिव्हॉल्वर घेऊन टाकले. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे, पाच गोळ्यांचे आणि जेमतेम चारशे ग्रॅम वजनाचे ते शस्त्र दुकानात हातात घेतल्यावर मला अगदी योग्य वाटले होते, कारण ते लहान होते, पर्समध्ये मावत होते आणि काउंटरमागच्या गृहस्थांनीही ‘बायकांसाठी हेच उत्तम’ असा निर्वाळा दिला होता. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, तिने त्यातून पाच बार काढले, ते टेबलावर ठेवले, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातली लालबुंद झालेली कातडी मला दाखवली आणि म्हणाली, “हे तूच वापर.” पुढे वर्षभर ते कपाटातल्या तिजोरीत पडून होते.

लहान शस्त्र म्हणजे सोपे शस्त्र, या समजुतीत माझी चूक होती, आणि हीच चूक मी नंतर ओळखीच्या अनेक घरांमध्ये पाहिली. पुढील मजकूर त्या अनुभवावर आणि त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून नीट केलेल्या निवडीवर आधारलेला आहे. तो अमेरिकेत कायदेशीरपणे शस्त्र बाळगू शकणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. भारतातील शस्त्रपरवान्याची व्यवस्था पूर्णपणे वेगळी असल्यामुळे तेथे यातील कायद्याचा भाग लागू होत नाही. मी पत्नीविषयी लिहीत असलो, तरी पतीसाठी शस्त्र शोधणाऱ्या पत्नीलाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

दुकानात जाण्यापूर्वी

सर्वांत आधी तिला शस्त्र बाळगायचे आहे का, हे विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तर विषय तेथेच थांबवावा. आपल्या समाधानासाठी तिच्या पर्समध्ये ठेवलेले पिस्तूल तिच्या लेखी एक जड आणि धोकादायक ओझे असते. ते ती कधी गाडीत विसरते, कधी स्वयंपाकघरातल्या खणात ठेवते. त्याचबरोबर घरातील कोणी नैराश्यातून जात असेल, दारूचा त्रास असेल किंवा पती-पत्नींमध्येच सतत भांडणे होत असतील, तर शस्त्र घरात आणण्याचा विचार सोडून द्यावा. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने झालेल्या ४८ हजारांहून अधिक मृत्यूंपैकी २७ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या, म्हणजे घरातले शस्त्र परक्यापेक्षा घरच्याच माणसावर चालण्याची शक्यता डोळ्यांआड करता येत नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तो व्हिसापासून सुरू होतो. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. वैध शिकार-परवाना असणे यासारखे काही अपवाद या नियमाला आहेत, परंतु त्यांच्या आधारावर काही करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारलेच पाहिजे, कारण शस्त्राविषयीचा गुन्हा सिद्ध झाल्यास ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर पाठवले जाऊ शकते. पती ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक आणि पत्नी तात्पुरत्या व्हिसावर, अशी स्थिती असेल तर तिच्या नावाने शस्त्र घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय पतीच्या तिजोरीची किल्ली तिच्या हाती असणेही तिच्यासाठी अडचणीचे ठरू शकते.

ग्रीन कार्डधारक व्यक्ती मात्र परवानाधारक दुकानातून पिस्तूल विकत घेऊ शकते. त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. या अर्जात नागरिकत्वाचा रकाना असतो. तेथे घाईघाईत अमेरिकेच्या नागरिकत्वावर खूण केली गेली, तर ती केवळ लेखनातली चूक मानली जाईल अशा भ्रमात राहू नये. नागरिकत्वाचा खोटा दावा हा इमिग्रेशन कायद्यातला अत्यंत गंभीर विषय आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यातही शिक्षा झालेली असेल, तर १९९६ च्या लॉटेनबर्ग दुरुस्तीनुसार त्या व्यक्तीला शस्त्र बाळगता येत नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

भेट म्हणून शस्त्र घेण्याविषयी बराच गोंधळ असतो. स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन पत्नीला खरोखर भेट देणे, ती अपात्र नसल्यास, संघराज्याच्या कायद्याला मान्य आहे. परंतु पैसे तिने द्यायचे आणि अर्जावर खरा खरेदीदार म्हणून पतीने सही करायची, हा प्रकार गुन्ह्यात मोडतो. राज्यांचे नियम याहून वेगळे असू शकतात: न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी खरेदीचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो, इलिनॉयमध्ये मालकाचे ओळखपत्र लागते, तर कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावे लागते आणि दुकानात फक्त राज्याच्या मान्य यादीतलीच नवी पिस्तुले मिळतात. माझे मत विचाराल तर पाकीट रंगीत कागदात गुंडाळून देण्याची हौस आवरावी, पैसे तिच्या हाती द्यावेत आणि तिनेच स्वतःच्या नावाने शस्त्र घ्यावे. कागदपत्रे स्वच्छ राहतात आणि निवडही तिचीच राहते.

शस्त्र विकत घेणे आणि ते कपड्यांखाली लपवून सार्वजनिक ठिकाणी बाळगणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जून २०२२ मधील ब्रुएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर ‘विशेष कारण दाखवा’ ही अट राज्यांना घालता येत नाही, तरी प्रशिक्षण, बोटांचे ठसे आणि बंदी असलेली ठिकाणे यांविषयीचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. तरीसुद्धा पत्नीने परवाना घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. संघराज्याच्या कायद्यानुसार शाळेपासून एक हजार फुटांच्या आत शस्त्र नेण्यावर बंधन आहे आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असलेल्याला. उपनगरात राहणारी बाई दिवसातून किती वेळा शाळेजवळून गाडी नेते, हे आपण जाणतोच. शिवाय परवान्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग आणि ५० गोळ्यांची परीक्षा असते. तीन यार्डांवरून २०, सात यार्डांवरून २० आणि पंधरा यार्डांवरून १० गोळ्या झाडायच्या आणि २५० पैकी किमान १७५ गुण मिळवायचे. ही परीक्षा अवघड नाही, मात्र जे पिस्तूल हाताळताच येत नाही ते ५० गोळ्यांत आपोआप उघडे पडते.

हात आणि पिस्तूल यांची जुळणी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पिस्तूल हा चपलेसारखा प्रकार आहे. दुसऱ्याच्या मापाने घेतलेले चावतेच. तिने पिस्तूल उजव्या (किंवा डावखुरी असल्यास डाव्या) हातात असे धरावे की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. तशी मूठ धरल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर नैसर्गिकपणे पोहोचला पाहिजे. बोट पोहोचवण्यासाठी तिला मूठ फिरवावी लागत असेल, तर ते पिस्तूल तिच्या हाताला मोठे आहे. प्रत्येक गोळीचा धक्का मनगटाऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसेल आणि नेमही एका बाजूला सरकत राहील. याउलट मूठ इतकी आखूड असेल की करंगळी खाली लोंबकळते, तर पकड निम्मी होते. बऱ्याच आधुनिक पिस्तुलांबरोबर मुठीच्या मागच्या बाजूला लावायच्या लहान-मोठ्या पट्ट्या मिळतात. त्या बदलून पाहिल्याशिवाय कोणतेही पिस्तूल नाकारू नये. ही तपासणी दुकानातच, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून करता येते.

त्यानंतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग (रिव्हॉल्वरला तो नसतो), मागे ओढून पाहावी. ‘तिला स्लाइड ओढता येत नाही, म्हणून रिव्हॉल्वर’ हे वाक्य मी कितीतरी दुकानांत ऐकले आहे आणि बहुतेक वेळा अडचण ताकदीची नसून पद्धतीची असते. पिस्तूल लांब धरून चिमटीने स्लाइड ओढायला गेले की ती हलत नाही. पिस्तूल छातीजवळ आणावे, दुसऱ्या हाताचा तळवा आणि चारही बोटे स्लाइडवर घट्ट बसवावीत, आणि स्लाइड मागे खेचण्यापेक्षा ती जागीच धरून मूठ धरलेला हात जोराने पुढे ढकलावा. हे करताना नळी शेजाऱ्याकडे वळण्याची शक्यता फार असते, म्हणून नळी समोरच्या लक्ष्याकडेच राहील अशा बेताने स्वतःचे अंग वळवावे. माझ्या पत्नीला ही युक्ती एका शिक्षिकेने दोन मिनिटांत शिकवली. मी तीच गोष्ट तीन आठवडे ‘अजून जोर लाव’ एवढ्या एका वाक्यात सांगत होतो.

तरीही हातात खरोखर जोर नसेल, संधिवात असेल किंवा मनगटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर त्यासाठी मुद्दाम बनवलेली पिस्तुले आहेत. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये आणलेले शील्ड ईझी हे पॉइंट थ्री एटी या छोट्या गोळीचे पिस्तूल हलक्या स्लाइडसाठीच ओळखले जाते आणि त्याच्या मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) आठ गोळ्या भरणेही सोपे असते. त्याच्या मुठीच्या मागे एक दाबपट्टी आहे. पकड अर्धवट असेल तर पिस्तूल चालत नाही, त्यामुळे तिची पकड घाईतही ती पट्टी पूर्ण दाबते की नाही, हे पाहून घ्यावे. वॉल्थरच्या पीडीपी मालिकेतील ‘एफ’ प्रकार स्त्रियांच्या हातांचा विचार करून घडवलेला आहे. त्यात मूठ बारीक, चापाचे अंतर कमी आणि स्लाइड हलकी आहे. बेरेटा टॉमकॅटसारख्या काही पिस्तुलांची नळी मागच्या बाजूने वर उचलली जाते आणि पहिली गोळी थेट नळीत ठेवता येते, म्हणजे स्लाइड ओढण्याची गरजच उरत नाही.

येथे एक फसवा भाग आहे. गोळी छोटी म्हणजे स्लाइड हलकी, असे गृहीत धरू नये. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या घडणीच्या पिस्तुलांत स्लाइड केवळ स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या ताकदीने थोपवली जाते, त्यामुळे स्प्रिंग कडक ठेवावी लागते. पॉइंट थ्री एटीचे असे छोटे पिस्तूल ओढायला नाइन एमएमच्या मोठ्या पिस्तुलापेक्षा जड जाऊ शकते. नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून राहतात अशा घडणीची पिस्तुले याबाबतीत बरीच सौम्य असतात.

वजन, धक्का आणि गोळी

गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे येते आणि पिस्तूल जितके हलके तितके ते अधिक वेगाने मागे येते. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम येथे तळहातावर वसूल होतो. रुगरचे एलसीपी रिकामे असताना सुमारे २७० ग्रॅम भरते आणि खिशात विसरून जाईल इतके पातळ आहे. ते बाळगायला सुखाचे आणि झाडायला दुःखाचे आहे. याउलट ग्लॉक १९ रिकामे असताना सहाशे ग्रॅमच्या आसपास असते, नवख्या हातालाही ते आवरते, परंतु बारीक अंगाच्या बाईने ते सलवार-कमीजखाली लपवायचे म्हणजे रोजची कसरत होते. निवड करायची ती या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी.

या मधल्या जागेत २०१८ मध्ये आलेल्या सिग सावर पी३६५ ने मोठा बदल घडवला. त्यापूर्वी इतक्या लहान आकाराच्या नाइन एमएम पिस्तुलात सहा-सात गोळ्या मावत, यात दहा मावल्या, आणि रिकामे वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास राहिले. त्यानंतर ग्लॉक ४३एक्स, स्प्रिंगफील्ड हेलकॅट, स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस अशी त्याच वर्गातली पिस्तुले आली. यांतले अमुकच श्रेष्ठ असे मी सांगणार नाही, कारण ग्लॉकच्या मुठीचा कोन एकाला आवडतो आणि दुसऱ्याला तीच मूठ नेम उंच नेणारी वाटते. जुने पिस्तूल घेणार असाल तर त्या मॉडेलच्या दुरुस्तीसाठी कंपनीने परत मागवणी केली होती का, हे अनुक्रमांकावरून तपासावे.

गोळीच्या आकाराविषयी लोक रात्र-रात्र वाद घालतात. मला वाटते, हा भाग पटकन उरकण्यासारखा आहे. तिला नाइन एमएम आवरत असेल तर नाइन एमएम घ्यावे. काडतुसे सर्वत्र मिळतात, तुलनेने स्वस्त असतात आणि मध्यंतरी पॉइंट फोर्टीकडे वळलेली एफबीआयदेखील पुन्हा नाइन एमएमकडेच परतली आहे. ते आवरत नसेल तर पॉइंट थ्री एटी. पॉइंट फोर्टी आणि पॉइंट फोर्टी फाइव्ह या मोठ्या गोळ्यांचा विचार लहान पिस्तुलात करू नये. हात अगदीच दुबळा असेल तर पॉइंट टू टू घेण्यातही लाज नाही, फक्त त्या काडतुसांच्या रचनेमुळे बार न उडण्याचे प्रमाण अधिक असते, हे लक्षात ठेवावे.

रिव्हॉल्वर मी सरसकट नाकारत नाही. त्याची रचना सोपी आहे, ते भरलेले आहे की नाही हे पटकन दिसते आणि सैल पकडीमुळे ते अडकत नाही; पिस्तूल मात्र मनगट ढिले राहिले तर रिकामी पुंगळी (काडतुसाचे कवच) बाहेर न फेकता अडकू शकते. परंतु लहान रिव्हॉल्वरचा चाप ओढायला साधारण पाच किलोंहून अधिक जोर लागतो, तर स्ट्रायकरवर (आत दडलेल्या, स्प्रिंगने पुढे येणाऱ्या खिळीवर) चालणाऱ्या पिस्तुलाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. ज्या हाताला स्लाइड ओढवत नाही म्हणून रिव्हॉल्वर सुचवले जाते, त्याच हाताच्या एका बोटाने इतका जड चाप पाच वेळा ओढायचा असतो. (मुंबईच्या बोलीत पिस्तुलालाच ‘घोडा’ म्हणतात, खरा घोडा, म्हणजे आघात करून बार उडवणारा भाग, बाहेर दिसतो तो मात्र आता बहुधा रिव्हॉल्वरांवर आणि जुन्या वळणाच्या पिस्तुलांवर, कारण वर सांगितलेल्या बहुतेक नव्या पिस्तुलांना बाहेर दिसणारा घोडाच नसतो.)

रेंजवरची परीक्षा

कोणतेही पिस्तूल तिने झाडल्याशिवाय विकत घेऊ नये. बहुतेक मोठ्या रेंजवर भाड्याने पिस्तुले मिळतात आणि एकाच भेटीत तीन-चार वेगवेगळी पिस्तुले वापरून पाहता येतात. सुरुवात पॉइंट टू टूने करावी, म्हणजे आवाज आणि धक्का यांची भीती आधीच घर करून बसत नाही. शिकवण्याचे काम शक्यतो स्वतःकडे घेऊ नये. नवरा गाडी शिकवतो तेव्हा काय होते हे ज्यांना आठवते, त्यांना याचे कारण सांगायला नको. टेक्सासमध्ये २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘अ गर्ल अँड अ गन’ यासारख्या स्त्रियांच्या नेमबाजी संघटनांच्या सत्रांना ती एकटी गेली तर उत्तम.

पहिल्या दिवशी डोळ्यांसाठी चष्मा, कानांत बुचे आणि वरून कर्णरक्षक असे दुहेरी संरक्षण घ्यावे. गळाबंद सदरा घालावा. मोठ्या गळ्याच्या कुर्त्यात उडालेली गरम पुंगळी शिरली की माणूस हातातले भरलेले पिस्तूल विसरून झटकायला लागतो, आणि अपघात नेमका त्या क्षणी होतो. बांगड्या काढून ठेवाव्यात, ओढणी गाडीत ठेवावी. गरोदर स्त्रीने रेंजवर जाणे टाळावे, कारण आवाज कानाच्या संरक्षकांनी आईपुरता अडतो आणि हवेतील शिशाचे कण पोटातल्या बाळालाही अपायकारक असतात. घरी आल्यावर हात साबणाने धुवावेत आणि कपडे बदलूनच मुलांना जवळ घ्यावे.

प्रत्यक्ष परीक्षा अशी घ्यावी. पाच ते सात यार्डांवर कागदी लक्ष्य लावून तिने प्रत्येक पिस्तुलातून पाच-पाच गोळ्यांचे चार-पाच फेरे झाडावेत. पहिल्या फेऱ्यातला नेम पाहून हुरळून जाऊ नये. शेवटच्या फेऱ्यातील भोके पाहावीत. ती विखुरलेली आणि डावीकडे (डावखुरी असल्यास उजवीकडे) खाली सरकलेली असतील, तर धक्क्याच्या भीतीने ती चाप झटकून ओढते आहे, किंवा हात थकला आहे. मग मदतीशिवाय तिने मॅगझिन भरावे, स्लाइड दहा वेळा ओढावी, ती मागे अडकवून ठेवावी आणि पिस्तूल रिकामे करून दाखवावे. या सगळ्या वेळात पतीने दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहावे. जे पिस्तूल तिला दुसऱ्याच्या मदतीशिवाय रिकामे करता येत नाही, ते तिने घरी आणू नये.

माझ्या पत्नीने त्या दिवशी चार पिस्तुले झाडली. मी मनात ठरवलेले पिस्तूल तिने दुसऱ्या फेरीनंतर बाजूला ठेवले आणि पाचशे ग्रॅमच्या आसपासचे, मला जरा बोजड वाटणारे एक पिस्तूल पुन्हा मागितले. “हे हातात गप्प बसते,” एवढेच तिचे कारण होते. त्याहून नेमके कारण मी आजवर कोणत्याही तज्ज्ञाकडून ऐकलेले नाही.

कोठे आणि कसे ठेवायचे

पिस्तुलाइतकाच विचार होल्स्टरचा, म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवण्याच्या म्यानाचा, करावा लागतो आणि स्त्रियांच्या बाबतीत तर अधिकच, कारण बाजारातली बहुतेक होल्स्टरे कमरेला जाड पट्टा आहे असे धरून बनवलेली असतात. होल्स्टर कडक असावे, चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकणारे असावे आणि उलटे धरले तरी पिस्तूल त्यातून पडू नये. लेगिंग्ज किंवा नाडीची सलवार वापरणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःचा पट्टा असलेली, कपड्यांवर अवलंबून नसलेली होल्स्टरे आता मिळतात. फ्लस्टर कंपनीचे एनिग्मा हे त्यांतले परिचित नाव. पोटाला गुंडाळायचा लवचिक पट्टा घ्यायचाच असेल, तर चापावर कडक आवरण असलेलाच घ्यावा. नुसत्या कापडातून चाप दाबला जाऊ शकतो.

साडीत शस्त्र बाळगण्याचे उपाय लोक मला विचारतात. निऱ्यांचा घोळ आणि पदर सावरत पिस्तूल सुरक्षितपणे काढण्याची रीत मला तरी माहीत नाही, तेव्हा साडीच्या दिवशी ते घरच्या तिजोरीतच राहू द्यावे. नाहीतरी आपण साडी नेसतो ती गणेशोत्सवाला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला, आणि मंडळांचे कार्यक्रम बहुधा शाळांच्या सभागृहात होतात, जेथे शस्त्र नेता येत नाही. रविवारची मराठी शाळाही पुष्कळदा सरकारी शाळेच्या इमारतीत भरते. टपाल कार्यालयाच्या आवारातही शस्त्र चालत नाही. टेक्सासमध्ये दारावर ‘३०.०६’ अशा कलमाचा फलक लावलेला असेल, तर परवानाधारकानेही लपवलेले शस्त्र आत नेऊ नये.

पर्सविषयी मी थोडा कठोर आहे. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, बाजाराच्या ढकलगाडीत ठेवतो, मैत्रिणीकडे सांभाळायला देतो. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन येथे एका दुकानात ढकलगाडीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधील पिस्तूल हाताळले आणि त्या गोळीने आईचा जागीच मृत्यू झाला. ती पर्स शस्त्र ठेवण्यासाठी खास बनवलेली होती. लहान मुले असलेल्या घरात शस्त्र अंगावर असावे, नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नसावी. पर्सशिवाय इलाजच नसेल, तर पिस्तुलासाठी वेगळा, कुलूपबंद कप्पा असावा, त्यात कडक होल्स्टर असावे आणि लिपस्टिक, किल्ल्या, वेलदोड्याची डबी यांतले काहीही त्या कप्प्यात जाऊ नये.

ज्यांच्या कामाच्या ठिकाणी शस्त्राला बंदी आहे, त्यांचे पिस्तूल तासन्‌तास गाडीत राहते. माझ्या पत्नीच्या बाबतीत रोज असेच होते. टेक्सासमध्ये २०११ पासून बहुतेक नोकरदारांना कुलूपबंद खासगी गाडीत शस्त्र ठेवण्याची मुभा आहे, तरीही नुसत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ते ठेवू नये. आसनाच्या लोखंडी पायाला तारेने बांधलेली लहान पोलादी पेटी घ्यावी आणि पिस्तूल पेटीत ठेवण्याचे काम रुग्णालयाच्या आवारात न करता आधीच्या एखाद्या निर्मनुष्य जागी करावे, म्हणजे कोणी पाहत नाही. घरात पटकन उघडणारी लहान तिजोरी पलंगाशेजारी पक्की बसवावी. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल अशा रीतीने ठेवणे हा गुन्हा आहे.

काडतुसे दोन प्रकारची घ्यावीत: सरावासाठी साधी आणि बाळगण्यासाठी पोकळ टोकाची. पोकळ टोकाची गोळी शरीरात पसरते आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याची शक्यता कमी होते. न्यू जर्सीत मात्र अशा गोळ्या घराबाहेर बाळगण्यावर कडक बंधने आहेत. बाळगायची काडतुसे त्याच पिस्तुलातून किमान ५० तरी झाडून पाहावीत. काही पिस्तुलांना काही काडतुसे मानवत नाहीत. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच वरचे काडतूस पुन्हा भरले, तर त्याची गोळी हळूहळू पुंगळीत आत दबली जाते आणि झाडताना दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. आम्ही महिन्यातून एकदा ते काडतूस नव्या काडतुसाशेजारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभे करून उंची पाहतो; केसभरही कमी दिसली तर ते बाजूला काढतो.

भारतात जाण्याच्या वेळी शस्त्राचा विचार करायचाच नसतो, तरी काडतुसाचा करावा लागतो. अमेरिकेच्या विमानतळांवर दरवर्षी सहा हजारांहून अधिक शस्त्रे हातातल्या सामानात सापडतात आणि जवळजवळ प्रत्येक जण ‘विसरलो’ असेच सांगतो. मुंबईच्या विमानतळावर पर्सच्या अस्तरात एक जिवंत काडतूस सापडले तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. मग सुट्टीचे दिवस वकिलाच्या कार्यालयात जातात. रेंजवर जाणारी पिशवी, जाकिटाचे खिसे, मुलांच्या दप्तराशेजारी पडलेली जुनी पर्स, सगळे उलटे करून झटकावे. आमच्या घरी पत्नीने याचा कायमचा बंदोबस्त केला आहे: भारतात नेण्याची तिची निळी पर्स वेगळी आहे, ती वर्षभर वरच्या फडताळात पिशवीत बांधलेली असते आणि रेंजवर ती एकदाही गेलेली नाही.